कोल्डप्ले बारामतीच्या स्टेटसवर पोहोचलं, मग अमेरिकेतले छोटे बँड वाटेत कुठे अडकले?

२०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे शो झाले. त्याआधी २२ सप्टेंबर २०२४ ला तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा बुक माय शोच्या ऑनलाइन रांगेत एक कोटीहून जास्त लोक उभे होते. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली आणि मग काळ्या बाजारात काही लाखांना मिळू लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं.

त्या आठवड्यात काटेवाडी-बारामती पट्ट्यातल्या पोरापोरींच्या स्टेटसवरही तेच निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. खरं तर आमच्याकडे 'बँड' म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते वरातीतलं बँड पथक, नाहीतर गणपतीतली बँजो पार्टी. तरीही लंडनमध्ये जमलेल्या चार जणांचं 'यलो' हे गाणं इथे पाठ असलेले लोक आहेत. यात वाईट काहीच नाही. गाणं चांगलं आहे.

प्रश्न वेगळा आहे. ज्या पोराला कोल्डप्ले, ओअॅसिस, आर्क्टिक मंकीज ही ब्रिटिश नावं माहीत आहेत, त्याला अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या तितक्याच चांगल्या छोट्या बँडचं एकही नाव सांगता येत नाही. असं का? 'ते तितके भारी नसतील' हे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं आहे. खरं उत्तर गाण्यापेक्षा गाणं ज्या वाटेने येतं तिच्यात आहे. आणि ते उत्तर नीट समजून घेतलं, तर मराठीत गाणारे बँड कुठे अडकतात हेही कळतं.

आधी 'इंडी' म्हणजे काय?

'इंडिपेंडंट'चं हे लाडाचं रूप. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पैशाशिवाय, स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या कंपनीच्या जिवावर रेकॉर्डिंग करणारे बँड म्हणजे इंडी. पुढे तो एका आवाजाचाच शिक्का झाला, पण मूळ अर्थ खिशाशी जोडलेला आहे. कोल्डप्लेचंही सुरुवातीचं एक रेकॉर्ड १९९९ मध्ये 'फिअर्स पांडा' नावाच्या छोट्या कंपनीने काढलं होतं.

ब्रिटिश गाणी आपल्याकडे कोणत्या रस्त्याने आली?

रस्ता आधीपासून बांधलेला होता. आपल्याकडे रेकॉर्ड म्हणजे अनेक दशकं एचएमव्ही. ही कंपनी ब्रिटनच्या ईएमआयची, आणि बीटल्स होते ईएमआयचेच कलाकार. त्यामुळे बीटल्सच्या रेकॉर्ड कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत यायच्या. रेडिओचंही तसंच. जॉन पील नावाचा बीबीसीचा निवेदक कुणी न ऐकलेले बँड शोधून लावण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याचा एक कार्यक्रम बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरही सुमारे तीस वर्षं चालला. शॉर्टवेव्ह असलेला कुठलाही रेडिओ तो पकडू शकायचा.

म्हणजे ब्रिटनकडे छोटा देश, संपूर्ण देशाला ऐकू जाणारा एक रेडिओ, एनएमई आणि मेलडी मेकरसारखी संगीताची साप्ताहिकं, आणि बाहेर जायला साम्राज्याच्या काळापासूनच्या तयार वाटा होत्या. मँचेस्टरमधला एखादा बँड सोमवारी कुणालाच माहीत नसायचा आणि महिनाभरात देशभर व्हायचा.

अमेरिकेत नेमकं उलटं होतं. तिथे छोट्या बँडचा आधार होता कॉलेज रेडिओ. विद्यार्थी चालवायचे, मनाला येईल ते लावायचे. यातल्या काही स्टेशनांचा ट्रान्समीटर फक्त दहा वॅटचा असायचा, म्हणजे कॉलेजच्या आसपासची दोन-चार गावं सोडली की आवाज संपला. देश एवढा मोठा की एका शहरात हाउसफुल्ल होणारा बँड पुढच्या राज्यात कुणाला ठाऊक नसायचा.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'गायडेड बाय व्हॉइसेस'. ओहायो राज्यातल्या डेटन गावचा रॉबर्ट पोलार्ड हा शाळेत चौथीला शिकवणारा मास्तर. शाळा सुटली की मित्रांना घेऊन साध्या चार ट्रॅकच्या टेपवर गाणी रेकॉर्ड करायचा. वर्षानुवर्षं हे ऐकणारे म्हणजे जवळपास फक्त त्याचे मित्रच होते. १९९४ साली 'बी थाउजंड' हा अल्बम आला आणि मग बाहेरच्या जगाने मान वळवली. तोवर मास्तर छत्तीस वर्षांचे झाले होते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले एखादे गुरुजी कपाटभर गाणी लिहून बसलेत असं समजा, गोष्ट लगेच ओळखीची वाटेल.

किंवा 'लो' घ्या. मिनेसोटातल्या डुलुथ या थंड बंदरगावातला बँड, १९९३ चा. नवरा-बायको गायचे, ती ड्रम वाजवायची, आणि सगळे जोरात वाजवत असताना हे मुद्दाम हळू वाजवायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिमी पार्कर गेली आणि बँड थांबला. जवळपास तीस वर्षं काम केलेल्या या बँडचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

अमेरिकेच्या पोरांना लंडनचा शिक्का का लागला?

इथे गंमत आहे. ब्रिटनने फक्त स्वतःचे बँड निर्यात केले नाहीत. अमेरिकेतले कोणते बँड जगाने ऐकायचे, हेही बऱ्याचदा तिथेच ठरलं.

बॉस्टनचे 'पिक्सीज' घ्या. १९८७ मध्ये त्यांना पहिली संधी दिली लंडनच्या 'फोर एडी' या छोट्या कंपनीने. त्यांचं नाव आधी ब्रिटन आणि युरोपात झालं. स्वतःच्या देशात मात्र ते बरीच वर्षं कॉलेज रेडिओपुरतेच राहिले. सिएटलच्या 'सब पॉप' कंपनीने तर १९८९ मध्ये मेलडी मेकरच्या पत्रकाराला लंडनहून बोलावून आपल्या गावचे बँड दाखवले. त्याने लंडनमध्ये लिहिलं आणि सिएटलची चर्चा सुरू झाली. निर्वाणा त्याच कंपनीची. न्यूयॉर्कच्या 'द स्ट्रोक्स'चं पहिलं रेकॉर्ड २००१ च्या जानेवारीत आलं, तेही लंडनच्या 'रफ ट्रेड'कडून.

दुर्लक्ष झालेल्या बँडची बाजू घेणारे अमेरिकेतही होते. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले आणि पुढची काही वर्षं ब्रिटिश बँडची लाट आली. त्या लाटेत अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये वाजवणारी शेकडो पोरं झाकली गेली. १९७२ मध्ये लेनी केने त्यांची गाणी शोधून 'नगेट्स' नावाचा संग्रह काढला. नवं एकही गाणं नाही, फक्त जुनी गाणी एकत्र केलेली. पंक संगीताची सुरुवात सांगताना आजही या संग्रहाचं नाव निघतं. कुणीतरी एकाने बसून निवड केली आणि 'हे ऐका' म्हटलं, त्याचा हा परिणाम.

कॅनडाने तिसराच मार्ग काढला, तो म्हणजे कायदा. शेजारी अमेरिका, भाषा एकच, त्यामुळे रेडिओवर सगळं अमेरिकनच वाजणार ही भीती. म्हणून १९७१ पासून रेडिओ स्टेशनांना कॅनडातली गाणी लावणं बंधनकारक झालं. आधी ३० टक्के, आता लोकप्रिय संगीतासाठी ३५ टक्के. १९८२ पासून 'फॅक्टर' ही संस्था कलाकारांना अल्बम आणि दौऱ्यांसाठी पैसे देते. २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंगचा कायदाही आला.

याचा परिणाम बघायचा तर 'द ट्रॅजिकली हिप'कडे बघा. हे इंडी नव्हेत, मोठाच बँड, पण सीमेपलीकडे त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. गायक गॉर्ड डाउनीला मेंदूचा कॅन्सर झाला. २० ऑगस्ट २०१६ ला त्यांनी किंग्स्टन या आपल्या गावी शेवटचा कार्यक्रम केला. सीबीसीने तो थेट दाखवला आणि देशातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांनी तो पाहिला किंवा ऐकला. आपल्याकडे प्रल्हाद शिंदेंच्या आवाजाचं जे स्थान आहे, तसंच काहीसं. आतल्यांसाठी सर्वस्व, बाहेरच्यांना पत्ता नाही.

मग पुण्यात काय घडलं?

महाराष्ट्रात या सगळ्याचा संबंध येतो तो २०१० साली. त्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला. मुंबईच्या ओएमएल कंपनीचे विजय नायर यांच्यासोबत स्टीफन बड हे ब्रिटिश संगीत व्यवसायातले गृहस्थ त्यात होते. पहिल्याच वर्षी परदेशी पाहुणे कोण? एशियन डब फाउंडेशन, द मॅजिक नंबर्स, रेव्हरंड अँड द मेकर्स. सगळे ब्रिटिश. ओळखी जिथे, तिथले बँड येणार हे साहजिकच.

पण त्या महोत्सवाने एक चांगली सवय लावली. परदेशी पाहुण्यांच्या शेजारच्या स्टेजवर आपल्या देशातले, कुणी न ऐकलेले बँड असायचे. लोक ज्यासाठी तिकीट काढायचे ते एक, आणि आवडून घरी घेऊन जायचे ते दुसरंच. पुढे अमेरिकन बँडही वाढले. २०२२ मध्ये पुण्यात डेन्व्हरचे 'द लुमिनिअर्स' मुख्य पाहुणे होते.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा आला. त्या यादीत लिव्हरपूलचे 'द वॉम्बॅट्स' होते, लंडनच्या शिक्क्याने मोठे झालेले 'द स्ट्रोक्स' होते आणि त्यांच्यासोबत 'जॅपनीज ब्रेकफास्ट', 'सिगरेट्स आफ्टर सेक्स' हे अमेरिकन इंडी बँडही होते. यातल्या शेवटच्या बँडची गोष्ट आजच्या काळाबद्दल बरंच सांगते. टेक्सासमधल्या एल पासोत २००८ साली जमलेला हा बँड कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हता. २०१२ मधलं त्यांचं एक गाणं काही वर्षांनी यूट्यूबच्या शिफारशींमधून अचानक पसरलं, आणि पूर्ण लांबीचा पहिला अल्बम आला थेट २०१७ मध्ये. २०२५ च्या जानेवारीत तर ते स्वतःच्या दौऱ्यावर पुन्हा मुंबईत आले.

म्हणजे जॉन पीलची जागा आता अल्गोरिदमने घेतली का? अर्धवट घेतली. अल्गोरिदम तुम्हाला आधी आवडलेल्यासारखंच काहीतरी देतो. पील श्रोत्यांना न आवडणारं लावायचा आणि पुन्हा लावायचा, आवडेपर्यंत. हा फरक मला छोटा वाटत नाही.

पैशाचं गणित, आणि खरा मुद्दा

अमेरिकेतल्या चार-पाच जणांच्या छोट्या बँडला भारतात यायचं तर विमानाची तिकिटं, वाद्यांचं सामान, व्हिसा, राहणं हे सगळं आलं. पोस्टरवर त्यांचं नाव वाचून चारशे तिकिटं खपणार असतील, तर आयोजक हिशेब करून गप्प बसतो. ब्रिटिश बँडला इथे थोडा टेकू मिळतो. तिथे २०१४ पासून 'म्युझिक एक्स्पोर्ट ग्रोथ स्कीम' आहे, ज्यात सरकारी पैशातून परदेश दौऱ्यांसाठी अनुदान मिळतं. कॅनडाचं वर आलंच. अमेरिकेतल्या छोट्या बँडमागे मात्र अशी ताकदीची योजना नाही, त्यांना बाजारच तारतो किंवा मारतो.

पण आता ब्रिटनचंही घर गळायला लागलंय. 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात तिथली १२५ छोटी संगीत ठिकाणं बंद झाली किंवा तिथलं गाणं थांबलं. हे म्हणजे पब, तळघरं, दोनशे माणसांचे हॉल. कोल्डप्लेसारखे बँड अशाच ठिकाणी घडतात. वर अमेरिकेनेही १ एप्रिल २०२४ पासून परदेशी कलाकारांच्या व्हिसा अर्जाचं शुल्क ४६० डॉलरवरून १,६०० डॉलरच्या पुढे नेलं. लहान संस्थांना सवलत आहे, तरीही लंडनच्या नवशिक्या बँडला तो दौरा आता परवडत नाही.

यावर ब्रिटनमध्ये काय सुरू झालं? स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या ठिकाणांसाठी बाजूला काढायचा. सध्या ते ऐच्छिक आहे. फ्रान्समध्ये तर ऐच्छिक वगैरे नाही. कार्यक्रमांच्या तिकिटावर ३.५ टक्के कर बसतो आणि तो संगीतासाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातो. आणि कोल्डप्लेने काय केलं? नवी मुंबईच्या शोनंतर सात महिन्यांनी, २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हलमध्ये दोन आणि वेम्बलीत दहा शो केले. त्या बारा शोमधल्या स्वतःच्या कमाईतले दहा टक्के म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला द्यायचं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

बँड तोच, वर्षही तेच. तिकडच्या तळघरांसाठी दहा टक्के, आणि नवी मुंबईत?

यात कोल्डप्लेला दोष देण्यात अर्थ नाही. मागणारं कुणी असेल तर मिळतं. तिकडे मागायला संस्था आहे, आकडे आहेत, संसदेच्या समितीचा अहवाल आहे. आपल्याकडे पाचशे रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. दहा हजारांच्या मूळ किमतीवर १,८०० रुपये. तो सगळा सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि त्यातला एक रुपयाही छोट्या मंचासाठी म्हणून राखलेला नाही.

उलट आपण मोठ्यालाच सूट दिल्याचा इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकल जॅक्सनचा शो झाला. युती सरकारने त्याचा करमणूक कर माफ केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सव्वातीन कोटींहून जास्त रकमेच्या त्या करमाफीवर शिक्कामोर्तब केलं. सरकारं बदलली, पंचवीस वर्षं गेली, पण या बाबतीत एकमत!

२०२५ मध्ये कोल्डप्लेचा दौरा संपल्यावर दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, भुवनेश्वरच्या एका परिषदेत पंतप्रधान मोदी यांनी 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. मे महिन्यात मुंबईच्या 'वेव्हज' परिषदेत थेट कार्यक्रमांच्या अर्थव्यवस्थेवर श्वेतपत्रिकाही आली. हॉटेल, विमान, पर्यटन यांचा फायदा खरा आहेच. पण ही भाषा स्टेडियमची आहे. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये पहिला शो करणाऱ्याला ती शब्दही देत नाही.

आपल्या बँडचं काय?

मराठीत बँड नाहीत असं नाही. 'अभंग रिपोस्ट' हा बँड गिटार, बेस आणि ड्रमच्या साथीने संतांचे अभंग गातो. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये आलं ते नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'कडून. आणि आपल्या बातम्यांचे मथळे काय होते? 'परदेशी कंपनीने घेतलं'. पिक्सीजला जसा लंडनचा शिक्का लागला, तसा आपल्याला नेदरलँड्सचा. मराठी सिनेमाला अनुदान आहे, तमाशा फडांसाठी योजना आहे (त्या पुरतात का हा वेगळा लेख होईल). पण गिटार घेऊन मराठीत स्वतःची गाणी गाणारा बँड लोककलेच्या चौकटीत बसत नाही आणि सिनेमाच्याही नाही.

मोठ्या महोत्सवांकडे बघत बसण्यापेक्षा कॉलेज रेडिओकडे बघावं असं मला वाटतं, कारण ते आपल्याकडे आहे. बारामतीत कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून सुरू आहे. सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर छोटा असतो, आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. नियमाप्रमाणे निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक असावे लागतात. अमेरिकेतल्या त्या दहा वॅटच्या स्टेशनांपेक्षा ही परिस्थिती बरीच बरी आहे. ऊस, दूध आणि हवामानाच्या जोडीला आठवड्यातला एक तास स्थानिक बँडना देता येणं अशक्य नाही.

दरवर्षी तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढ्या धावतात आणि ते दृश्य हजारो मोबाइलमधून रील बनून बाहेर जातं. ते व्हायरल करायला कुणाला सांगावं लागत नाही. त्याच तुकोबांचा अभंग बेस गिटारवर गाणारं कुणी आहे, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं, तेही एकदा नाही, दर आठवड्याला.

आणि त्या तासात शेजारी डेटनच्या मास्तरांचं गाणं लावायचं तर? मोठ्या कंपन्यांची गाणी प्रसारित करायला परवान्यांचे पैसे भरावे लागतात, तिथे छोट्या स्टेशनची अडचण होते. इंडी बँडमध्ये मात्र बऱ्याचदा गाण्याचे आणि रेकॉर्डिंगचे दोन्ही हक्क त्यांच्याकडेच असतात. अशा बँडला, मग तो ओहायोतला असो की बदलापूरचा, थेट ईमेल करून परवानगी मागता येते. पत्ता बहुतेकांच्या पेजवरच लिहिलेला असतो.